नदीचा तळच चालू लागला तर?

'क्युसेक' हा शब्द आता आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पावसाळा आला की रोजच्या बातम्यांत तो असतोच. अमुक धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग, तमुक नदीत इतके हजार क्युसेक प्रवाह! क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. असे साधारण ३५.३ क्युसेक मिळून एक क्युमेक होतो, म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. इथपर्यंत सोपं आहे. पण कधी विचार केलाय का, की वाहत्या नदीतलं पाणी मोजतात तरी कसं? बादली लावून तर नक्कीच नाही!

टीईच्या सेमिनारसाठी मी हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, एखादं यंत्र असेल, ते पाण्यात सोडायचं आणि आकडा लिहून घ्यायचा. वाचत गेले तसं लक्षात आलं की यंत्राने आकडा दिला की निम्मंच काम होतं. उरलेलं निम्मं म्हणजे तो आकडा कुठे कुठे चुकू शकतो हे ओळखून दुरुस्त करणं. त्या उरलेल्या निम्म्याबद्दल हा लेख आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे भाषा अधूनमधून मिक्स होईल. सांभाळून घ्या!

आकडा येतो कुठून?

प्रत्येक तासाला प्रत्येक ठिकाणी नदीत उतरून प्रवाह मोजणं शक्य नसतं. त्यामानाने पाण्याची पातळी मोजणं सोपं. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, हे तिकडच्या मुलांना पाठ आहे. पातळीवरून प्रवाह काढायचा तर एक आलेख लागतो. त्याला रेटिंग कर्व्ह म्हणतात. इतकी पातळी असेल तर इतका प्रवाह, असा तो हिशोब.

पण हा आलेख काही आकाशातून पडत नाही. त्यावरचा एकेक बिंदू कुणीतरी प्रत्यक्ष नदीवर जाऊन, वेग आणि खोली मोजून मिळवलेला असतो. हे बिंदू चुकले की आलेख चुकला, आणि आलेख चुकला की त्यावरून काढलेला पुढचा प्रत्येक आकडा चुकला.

आता यात एवढं बिघडतं काय? दोन गोष्टी. पहिली पुराची. वरून किती पाणी येतंय ते कळलं तरच खालच्या धरणातून कधी आणि किती सोडायचं ते ठरवता येतं. अलमट्टीच्या विसर्गावरून महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात किती वाद झाले ते आपण पाहिलंच आहे. दुसरी गोष्ट पाणीवाटपाची. बच्छावत लवादाने कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी महाराष्ट्राला दिलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. असं पाणी वाटून घ्यायचं तर ते आधी नीट मोजलेलं पाहिजे, नाहीतर भांडण मिटायचं कसं?

आवाजाने वेग मोजणारं यंत्र

पूर्वी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी वेग मोजायला करंट मीटर वापरतात. पाण्याच्या जोराने छोट्या वाट्यांचं चक्र फिरतं, ठराविक वेळात किती फेरे झाले ते मोजायचं. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात अशा मीटरांचं कॅलिब्रेशन होतं. पण पुरात अख्ख्या नदीभर जागोजागी मीटर बुडवायचा म्हणजे वेळ आणि जीव दोन्ही पणाला लागतात.

म्हणून आता मोठ्या नद्यांवर अकूस्टिक डॉपलर करंट प्रोफायलर वापरतात. नाव लांबलचक आहे, आपण 'एडीसीपी' म्हणू. डॉपलर इफेक्ट आपल्याला अकरावी-बारावीपासून माहीत आहे. प्लॅटफॉर्मवर उभं असताना एक्स्प्रेस हॉर्न वाजवत निघून गेली की हॉर्नचा सूर एकदम खाली उतरतो, तोच हा इफेक्ट. क्रिश्चन डॉपलरने तो १८४२ मध्ये मांडला. १८४५ मध्ये बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञाने चक्क रेल्वेगाडीवर ट्रम्पेट वाजवणारे बसवून तो तपासून पाहिला!

एडीसीपीमध्ये हेच तत्त्व उलटसुलट वापरलंय. होडीला बांधलेलं यंत्र पाण्यात आवाजाचे ठोके सोडतं. एका ठोक्याला 'पिंग' म्हणतात. आपल्याला तो ऐकू येत नाही, कारण वारंवारता असते ६०० किंवा १२०० किलोहर्ट्झच्या घरात. पाण्यात तरंगणाऱ्या गाळाच्या कणांवर आपटून आवाज परत येतो. कण यंत्राकडे येत असतील तर वारंवारता वाढलेली, लांब जात असतील तर घटलेली. आवाज जाताना एकदा आणि येताना एकदा बदलतो, म्हणून सूत्रात २ येतो:

वारंवारतेतला फरक = २ × मूळ वारंवारता × कणांचा वेग ÷ पाण्यातला आवाजाचा वेग

मूळ वारंवारता १२०० किलोहर्ट्झ, कणांचा वेग सेकंदाला १ मीटर आणि आवाजाचा वेग सेकंदाला १५०० मीटर धरला तर फरक येतो १६०० हर्ट्झ. परत यायला लागलेल्या वेळावरून आवाज किती खोलवरून आला ते कळतं. साधारणपणे चार बीम चार दिशांना, उभ्या रेषेपासून २० किंवा ३० अंश तिरपे सोडलेले असतात. समोरासमोरच्या तिरप्या बीमच्या या मांडणीला दोन तोंडांच्या रोमन देवावरून 'जेनस' मांडणी म्हणतात.

होडी एका काठावरून दुसऱ्या काठाला गेली की वेग आणि खोलीचं पूर्ण चित्र तयार. गंमत म्हणजे होडी नाकासमोर सरळ जायची गरजच नाही. पाण्याचा वेग आणि होडीचा वेग यांचा क्रॉस प्रॉडक्ट घेतात, त्यामुळे होडी कशीही नागमोडी गेली तरी एकूण प्रवाह बरोबर येतो. एम-टू, एम-थ्रीला आपण विचारतो ना, की व्हेक्टरचा क्रॉस प्रॉडक्ट आयुष्यात कुठे लागणार? इथे लागतो!

पासंग असलेला तराजू

आता मुद्द्याचं. चुका दोन जातीच्या असतात. पहिली जात म्हणजे विखुरणारी चूक. एकेका पिंगचा आकडा खूप उड्या मारतो, कारण पाण्यात भोवरे असतात आणि यंत्राचा स्वतःचा गोंगाटही असतो. यावर औषध सोपं आहे, सरासरी घ्या. शंभर पिंगांची सरासरी घेतली की ही चूक दहापट कमी होते. म्हणून तर अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेने २०११ मध्ये नियम केला की सगळ्या फेऱ्या मिळून निदान ७२० सेकंद मोजमाप झालं पाहिजे, आणि फेऱ्या जोडीने, म्हणजे जाताना एक आणि येताना एक अशा व्हायला हव्यात.

दुसरी जात मात्र डांबिस आहे. भाजीवाल्याच्या तराजूला पासंग असेल तर एकदा तोला नाहीतर दहा वेळा तोला, दहाही वेळा वजन सारखंच येणार आणि दहाही वेळा चुकीचंच येणार. अशा चुकीवर सरासरीचा काही उपयोग नाही. उलट आकडे छान जुळले म्हणून आपण निर्धास्त होतो. एडीसीपीत असे पासंग बरेच आहेत. त्यातले महत्त्वाचे बघू.

पहिला पासंग: पाण्याचं तापमान

वरच्या सूत्रात आवाजाचा वेग आहे. तो स्थिर नसतो. गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे १४८२ मीटर, तर २५ अंशाला सुमारे १४९७ मीटर असतो. म्हणजे तापमान ५ अंशांनी चुकलं तर साधारण १ टक्का फरक. हा १ टक्का पाण्याच्या वेगात येतो आणि खोलीतही येतो, कारण खोलीसुद्धा आवाजाच्याच हिशोबाने काढलेली असते. होडीचा वेगही याच यंत्राने घेतला असेल तर तिथे आणखी १ टक्का. सगळ्यांचा गुणाकार होतो, त्यामुळे चूक ३ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. खाडीच्या तोंडाशी खारटपणाचाही हिशोब धरावा लागतो. २० अंशाला समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५२१ मीटर वेगाने जातो.

यंत्रात तापमानाचा सेन्सर असतो. पण यंत्र तासभर गाडीच्या डिकीत तापत पडलं असेल आणि पाण्यात टाकल्याबरोबर मोजायला सुरुवात केली, तर सेन्सर डिकीचं तापमान सांगतो, नदीचं नाही! म्हणून यंत्र थोडा वेळ पाण्यात राहू द्यायचं आणि वेगळ्या थर्मामीटरने पडताळून बघायचं. या चुकीचा एक चांगला गुण असा की ती नंतरही दुरुस्त होते. खरं तापमान वहीत लिहिलेलं असेल तर आवाजाचा खरा वेग भागिले यंत्राने धरलेला वेग, या गुणोत्तराने गुणायचं, झालं.

यंत्र पाण्यात किती बुडालंय हेही असंच. दहा सेंटिमीटर बुडालेलं असताना वीस टाकलं की नदीची खोली सगळीकडे दहा सेंटिमीटरने वाढते. हीसुद्धा नंतर दुरुस्त होते, अट एकच, बरोबर आकडा कुणीतरी लिहून ठेवलेला पाहिजे.

दुसरा पासंग: न दिसणारं पाणी

एडीसीपीला नदीचा सगळा छेद दिसत नाही. वरचा थर दिसत नाही, कारण यंत्र स्वतः पाण्यात बुडालेलं असतं, शिवाय पिंग सोडल्यावर ट्रान्सड्यूसर थोडा वेळ घंटेसारखा थरथरत राहतो. त्या काळात आलेला प्रतिध्वनी ऐकूच येत नाही.

तळाजवळचाही थर दिसत नाही. त्याचं कारण जास्त मजेशीर आहे. बीम तिरपा असतो, पण थोडासा आवाज सरळ खालीही सांडतो. त्याला साइड लोब म्हणतात. तळ टणक असल्याने या सरळ गेलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी जोरदार येतो, आणि तो जवळच्या वाटेने आल्यामुळे तिरप्या बीमच्या आधी पोचतो. मग तळाजवळच्या कणांचा बारीक आवाज त्या गोंगाटात बुडून जातो. साधी त्रिकोणमिती आहे. २० अंशांच्या बीमसाठी कोसाइन ०.९४, म्हणजे खालची ६ टक्के खोली गेली. ३० अंशांसाठी कोसाइन ०.८७, म्हणजे १३ टक्के. पाच मीटर खोल पाण्यात २० अंशांच्या यंत्राला तळाचे ३० सेंटिमीटर दिसत नाहीत.

काठाजवळ होडी जाऊ शकत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या पट्ट्याही सुटतात. तिथे शेवटचा मोजलेला वेग आणि खोली घ्यायची, काठापर्यंतच्या अंतराने गुणायचं आणि एका गुणांकाने गुणायचं. काठ उतरता, त्रिकोणी असेल तर ०.३५३५ आणि भिंतीसारखा उभा असेल तर ०.९१.

वरच्या आणि खालच्या थरासाठी मधल्या मोजलेल्या वेगांवरून अंदाज बांधतात. नेहमीचा नियम म्हणजे तळापासूनच्या उंचीच्या एक षष्ठांश घाताच्या प्रमाणात वेग वाढतो. पण प्रत्येक नदी हा नियम पाळतेच असं नाही. समोरून जोराचा वारा असेल किंवा तळ फार खडबडीत असेल तर वक्र बदलतो. म्हणून अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या क्यूरेव्ह या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या छेदाचे वेग एकत्र करून या नदीला, या दिवशी, कुठला वक्र बसतो ते पाहता येतं. पुस्तकातला घात डोळे झाकून टाकायचा नसतो!

तिसरा पासंग: चालणारा तळ

आता ज्यावरून लेखाचं नाव ठेवलं ती गोष्ट.

यंत्र होडीवर, होडी हलणारी. म्हणजे यंत्र जो वेग मोजतं तो पाण्याचा होडीच्या तुलनेतला वेग झाला. खरा वेग काढायला होडीचा वेग कळायला हवा. त्यासाठी यंत्र तळावरही पिंग मारतं आणि तळाच्या प्रतिध्वनीतल्या डॉपलर फरकावरून होडीचा वेग काढतं. याला बॉटम ट्रॅकिंग म्हणतात. यामागे एक गृहीतक आहे, ते कुणी बोलून दाखवत नाही: तळ जागेवर आहे.

पुरात तो जागेवर नसतो. वाळू आणि गाळ तळाशी वाहायला लागतो. मग काय होतं? स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारची सुटते आणि क्षणभर वाटतं की आपणच मागे चाललोय. यंत्राचं अगदी तसंच होतं. होडी नांगर टाकून उभी असली तरी तळ खाली वाहतोय म्हटल्यावर यंत्राला वाटतं, होडी प्रवाहाच्या उलट वर चाललीय. आणि पाण्याचा वेग तळाच्या तुलनेत मोजल्यामुळे तेवढाच कमी येतो. परिणामी एकूण प्रवाहही कमी दिसतो.

ही चूक मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती एकाच बाजूला झुकते आणि नेमकी पुरातच वाढते. पूर जितका मोठा, तितकी वाळू जास्त हलते. म्हणजे ज्या दिवशी आकडा सगळ्यात महत्त्वाचा, त्याच दिवशी यंत्र पूर लहान असल्याचं सांगतं. आणि चारही फेऱ्यांचे आकडे मस्त जुळलेले असतात!

ॲमेझॉन नदीवर ओबिदुस नावाचं ठिकाण आहे. तिथे सरासरी प्रवाह सेकंदाला सुमारे पावणेदोन लाख घनमीटर आहे. तिथे एडीसीपीने मोजणाऱ्या फ्रेंच आणि ब्राझिलियन जलवैज्ञानिकांना हाच प्रश्न आला आणि चालत्या तळासाठीची त्यांची दुरुस्तीची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. पुढे २००६ मध्ये अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सर्व्हेच्या डेव्हिड म्युलर आणि चॅड वॅगनर यांनी लूप पद्धतीवर सविस्तर अहवाल लिहिला. ही पद्धत इतकी सोपी आहे की आपल्याला वाटावं, हे तर आपल्यालाही सुचलं असतं!

काठाजवळ एक खूण ठरवायची. तिथून निघून होडी पलीकडे न्यायची आणि न थांबता बरोबर त्याच खुणेवर परत आणायची. तळ स्थिर असेल तर यंत्राने काढलेला मार्गही त्याच बिंदूवर बंद होईल. तळ सरकत असेल तर यंत्राच्या हिशोबात होडी खुणेच्या वरच्या अंगाला पोचलेली दिसेल. ते अंतर भागिले लागलेला वेळ, म्हणजे तळाचा सरासरी वेग.

एक उदाहरण करून बघू. समजा, नदी २०० मीटर रुंद, सरासरी ४ मीटर खोल, म्हणजे छेद ८०० चौरस मीटर. यंत्राने प्रवाह दिला ११२० क्युमेक. लूपला लागली १० मिनिटं, म्हणजे ६०० सेकंद, आणि मार्ग बंद न होता ६० मीटर वर सरकलेला दिसला. तळाचा वेग ६० भागिले ६००, म्हणजे सेकंदाला ०.१ मीटर. दुरुस्ती ०.१ गुणिले ८००, म्हणजे ८० क्युमेक. खरा प्रवाह १२०० क्युमेक.

८० क्युमेक म्हणजे जवळजवळ २,८०० क्युसेक! चार दिवस पूर असाच राहिला तर कागदावरून साधारण एक टीएमसी पाणी गायब. आता पाणीवाटपाच्या भांडणात एका टीएमसीची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको.

मग जीपीएस का नाही लावत?

हा प्रश्न सेमिनारला कुणीतरी विचारणारच, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवलंय. लावतात. होडीचा वेग जीपीएसवरून घेतला की तळ चालो वा धावो, फरक पडत नाही. पण एक अडचण गेली की दुसरी येते. बॉटम ट्रॅकिंगमध्ये पाण्याचा वेग आणि होडीचा वेग दोन्ही एकाच यंत्राच्या दिशांमध्ये मोजलेले असतात. होकायंत्र १० अंशांनी चुकलं तरी दोन्ही व्हेक्टर सारखेच फिरतात आणि प्रवाहाच्या आकड्यात चूक येत नाही. जीपीएस मात्र खऱ्या उत्तरेच्या हिशोबाने चालतो, तर पाण्याचा वेग यंत्राच्या होकायंत्रावर अवलंबून असतो. आता होकायंत्राची चूक थेट आकड्यात उतरते. होडीचं इंजिन, लोखंडी पूल, कुणाच्या खिशातला मोबाईल, सगळं त्यात लुडबूड करतं. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला कोनही भरावा लागतो. महाराष्ट्रात तो एक अंशाच्या आतच आहे, हे आपलं नशीब.

उपाय? मोजमापाच्या आधी होकायंत्र त्याच होडीत, त्याच जागी कॅलिब्रेट करायचं आणि होडी सावकाश चालवायची, कारण ही चूक होडीच्या वेगाच्या प्रमाणात वाढते. जाताना आणि येताना ती उलटसुलट येते, म्हणून फेऱ्या जोडीने करायच्या. लूप पद्धतीलाही चांगलं होकायंत्र लागतंच. ते चुकलं तर तळ स्थिर असूनही लूप बंद होत नाही. तेव्हा दुसरी चाचणी करतात. होडी नांगरून काही मिनिटं एका जागी उभी ठेवायची आणि यंत्राला ती वर सरकताना दिसते का ते पाहायचं.

घरी आणि नदीवर

इतकं सगळं वाचल्यावर मी माझ्यापुरती एक विभागणी केली आहे. तापमान, खारटपणा, यंत्राची बुडालेली खोली, वरच्या-खालच्या थराचा वक्र, काठाचा गुणांक या चुका ऑफिसात एसीत बसून दुरुस्त होतात, फक्त फील्डबुकात खऱ्या नोंदी पाहिजेत. पण तळ चालत होता का, हे ऑफिसात बसून सहसा कळत नाही. ती चाचणी त्याच दिवशी, त्याच पाण्यात, भिजत उभं राहून करावी लागते. पूर ओसरला की तो बिंदू गेला. पुढच्या वर्षीचा पूर वेगळा असतो.

आपल्या लॅबमध्ये तीन रीडिंग जुळली की सगळा ग्रुप खूश होतो आणि जर्नल लिहायला घेतो. सरांची सही झाली की विषय संपला. या यंत्राने मला हे शिकवलं की जुळलेली रीडिंग बरोबर असतीलच असं नाही. ती एकाच गृहीतकामुळेही जुळलेली असू शकतात. त्यामुळे कुठलंही यंत्र हातात आलं की मॅन्युअल उघडून आधी बघायचं, हे यंत्र काय काय धरून चाललंय. मग त्यातलं आज, इथे, काय खरं नाही ते शोधायचं.

ज्युनिअर्सना शेवटची एक विनंती. इंडस्ट्रियल व्हिजिटला किंवा प्रोजेक्टच्या निमित्ताने कधी नदीवर एडीसीपी चालवणारी टीम दिसली तर लांबून फोटो काढून परत येऊ नका. नमस्कार करा आणि विचारा, 'साहेब, मूव्हिंग बेड टेस्ट केली का?' पुढचा अर्धा तास तुम्हाला जे ऐकायला मिळेल ते कुठल्याही टेक्स्टबुकात नसेल.